घंटाकाकूंसाठी दुसरी जागा

४ जानेवारी

ती. ताईंना,
प्रभूच्या नावात सलाम.

तुमचं पत्र आणि तुमच्या मंडळीचं पत्रक एकाच पाकिटात मिळालं. पाकीट चांगलंच जड होतं, पण तिकिटं तुम्ही पुरेशी लावली होती, त्यामुळे पोस्टमनने दारात उभं राहून वरचे पैसे मागितले नाहीत. गेल्या खेपेला मागितले होते, म्हणून सांगते.

तुमचे भाऊ बरे आहेत. मे महिन्याच्या अखेरीला तुमच्याकडची तीन माणसं इथे येणार म्हटल्यापासून त्यांच्या पायाला भिंगरी लागली आहे. आपल्या दोन मंडळ्यांची जोडी जमली तेव्हापासून पत्रं, फोटो, प्रार्थना सगळं समुद्रापलीकडे जातं-येतं, पण जिवंत माणूस कधी आला नव्हता. आता माणसं येणार म्हणजे ती उतरणार कुठे, हा प्रश्न पंचांच्या बैठकीत निघाला. शेवटी ठरलं की प्रभुमंदिराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या बांधायच्या आणि त्यांना ‘शांतिसदन’ म्हणायचं. चिटणीस म्हणून सगळी धावपळ यांच्याच गळ्यात पडली. नावाचा दगडही कोरायला टाकलाय. मी म्हटलं, “आधी भिंती तरी उभ्या राहू द्या.” ते म्हणाले, “तू उद्घाटनाच्या चहाचं बघ.”

या महिन्याचे प्रार्थना-विषय सोबत पाठवते. नेहमीप्रमाणे तुम्हीच तिथल्या भाषेत करून उपासनेत वाचून दाखवा. दहावीच्या मुलांसाठी एक विषय आहे. पाळकसाहेबांच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, तो दुसरा. तुमच्या गावातल्या दोन गटांत समेट टिकून राहावा, हा तर कायमचा. शेवटचा विषय नवा आहे. आमच्या मंदिराची झाडलोट करणाऱ्या घंटाकाकूंना राहायला दुसरी जागा मिळावी. तुम्ही इथे होता तेव्हा त्यांचे यजमान घंटा वाजवायचे. ते गेल्यापासून दोरी काकूंच्या हातात आहे, म्हणून सगळे त्यांना घंटाकाकूच म्हणतात.

हा विषय घालायचा का, असं मी यांना विचारलं होतं. ते म्हणाले, “असू दे की. चांगला आहे.”

थंडीत पाय झाकून झोपत जा.

तुमची,
वहिनी

*

२६ जानेवारी

वहिनी,
सलाम.

पाय झाकून झोपते. हॉस्पिटलात इतकी वर्षं दुसऱ्यांचे पाय झाकले, आता स्वतःचे झाकायला वेळच वेळ आहे.

तुझे विषय गेल्या रविवारी वाचले. दहावीची मुलं तरुण मंडळाने घेतली. डोळ्यांचं ऑपरेशन एका बाईंनी घेतलं, त्यांचं स्वतःचं झालंय. मग घंटाकाकूंचं वाचलं. इथली पद्धत तुला ठाऊक आहे. विनंती वाचून झाली की थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग ज्याला वाटेल तो उभा राहतो. उभा राहिला म्हणजे ती त्याने उचलली. ती पुरी होईपर्यंत त्याने तिच्या मागे लागायचं, दर महिन्याला काय झालं ते सांगायचं. नुसते डोळे मिटून भागत नाही. तुझा गुडघा उचलणाऱ्या मास्तरीणबाईंनी मलमाच्या ट्यूबा पाठवून तुला भंडावलं होतं, ते आठवत असेलच.

तर घंटाकाकूंसाठी कंडक्टर उभे राहिले. हे आमच्याकडचे एक म्हातारे. आयुष्यभर बसमध्ये तिकिटं दिली. अजून उभे राहिले की एका हाताने बाक घट्ट धरतात, जणू मंदिराला आता ब्रेक लागणार आहे. बसले नाहीत, तिथूनच मला विचारलं, “या बाईंना दुसरी जागा का हवी? पहिलीचं काय झालं?”

मला माहीत असेल तर सांगेन ना! मी म्हटलं, विचारून सांगते.

ते एवढे मनावर का घेतात तेही सांगते. इथे दोन गटांचं पेटलं होतं, तेव्हा पुलापलीकडच्या कुटुंबांना रातोरात घरांतून उठवलं. त्यांत हे होते. दोन हिवाळे त्यांनी शाळेच्या हॉलमध्ये काढले. त्या वेळी कितीतरी देशांतल्या मंडळ्यांनी इथल्या सरकारला पत्रं लिहिली, आणि आपल्या मंडळीचं पत्र आपल्या भाऊने लिहिलं होतं. त्याची एक प्रत इथल्या हॉलमध्ये काचेत लावलीय. त्यातली एक ओळ इथल्या पोरांनासुद्धा पाठ आहे: ‘ज्यांना घरातून उठवलं जात आहे, त्यांना कुणी एकदा तरी विचारलं का?’ कंडक्टर आपल्या घरी परत गेले ते अशा पत्रांमुळेच, असं ते मानतात. मला म्हणाले, “त्या मंडळीने माझ्यासाठी लिहिलं. आता त्यांच्यातल्या एकीला जागा नाही म्हणता, तर मी बसून कसा राहू?”

तेव्हा लवकर कळव. पहिल्या जागेचं काय झालं?

तुझी,
ताई

*

१० फेब्रुवारी

ती. ताईंना,
सलाम.

तुमच्या कंडक्टर आजोबांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी एवढा जीव लावला याचं इथे सगळ्यांना कौतुक वाटलं.

विशेष काही नाही. काकूंची खोली मंदिराच्या मागच्या भिंतीला लागून आहे, ती फार जुनी झाली. छप्पर जुनं, पावसाळ्यात गळायचं. त्यात त्या आणि त्यांच्या सासूबाई, दोघीच. सासूबाईंना दिसत नाही. अशा खोलीत दोन बायकामाणसांनी किती दिवस काढायचे, म्हणून तो विषय घातला.

पाळकसाहेबांच्या आईचं ऑपरेशन चांगलं झालं. त्यांना आता लांबचं दिसतं आणि त्या उपासनेत कोण उशिरा आलं ते मोजतात. दहावीची मुलं अभ्यास करत नाहीत, तरुण मंडळाला तसं कळवा.

तुमच्या भावाला तुमच्या पत्रातली ती काचेतल्या पत्राची हकिगत वाचून दाखवली. त्यांनी परत एकदा वाचायला लावलं. मग चष्मा पुसत बसले.

तुमची,
वहिनी

*

२८ फेब्रुवारी

वहिनी,
सलाम.

छपराची बातमी इथे आनंदाची ठरली. दचकू नकोस, आधी ऐक.

कंडक्टर म्हणाले, “म्हणजे जागा आहे, फक्त वरून गळते. मग दुसरी कशाला शोधायची? आपण जाणारच आहोत, पहिली नीट करू.” येणाऱ्या तिघांत ते आहेत, आमच्या पाळकबाई आहेत आणि एक सुतारकाम शिकवणारा मास्तर आहे. मास्तरने लगेच मान डोलावली. तिघांचं ठरलं की आल्यावर पहिले दोन दिवस भाषणं नाहीत, छप्पर. पाळकबाईंनी जुनी पँट काढून ठेवलीय. आपल्याकडे पाळकबाई पँट घालून छपरावर चढलेल्या चालतील ना, हे भाऊला विचार. नाही चालल्या तरी त्या चढतील, म्हणजे त्याने मनाची तयारी ठेवावी.

मास्तरला खोलीची लांबी-रुंदी, छप्पर पत्र्याचं की कौलाचं, उतार कुठल्या बाजूला, आणि गळतं नेमकं कुठे, हे सगळं हवंय. टेप घेऊन जा आणि मोजून कळव. इंचाइंचाचा हिशेब ठेवणारी बाई आहेस तू, तुला काय अवघड!

हॉलमध्ये कागद लावलाय, ‘घंटाकाकूंचं छप्पर’ म्हणून. लोक त्याखाली खिळे आणि हातमोजे आणून ठेवतायत. विमानात खिळे किती नेऊ देतात याची चौकशी चालू आहे.

तुझी,
ताई

*

१२ मार्च

ती. ताईंना,
सलाम.

हे पत्र कुणाला वाचून दाखवू नका. यांनाही मी ते लिहिते आहे हे सांगितलेलं नाही.

तुमचं पत्र आल्यावर मी टेप घेऊन काकूंच्या खोलीवर गेले. मला वाटलं, मापं घ्यावीत आणि बाकीचं पुढे बघू. काकू दारात डाळ निवडत होत्या. टेप बघून म्हणाल्या, “काय गं बाई, विकायला काढली की काय?”

मी म्हटलं, “छपराचं माप हवंय.”

“छपराला काय झालं?”

“गळतं ना?”

“कोण म्हणतं गळतं? गेल्या उन्हाळ्यात मी स्वतः वर चढून डांबर फासलंय. तुमच्या मंदिराचं गळतं, कोपऱ्यात. तिथे मी बादली ठेवते. माझ्या इथे थेंब येत नाही.”

मग मला सांगावं लागलं की त्यांच्यासाठी प्रार्थनेचा विषय दिला होता आणि तो तिकडे वाचला गेला, आणि तिकडची माणसं छप्पर दुरुस्त करायला निघाली आहेत. काकूंनी ताट खाली ठेवलं. “काय मागितलंत माझ्यासाठी?” मी सांगितलं, दुसरी जागा. त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, “देवाला विचारायच्या आधी मला विचारायचं होतं. मी काही त्याच्यापेक्षा लांब राहत नाही.”

ताई, शांतिसदन त्याच जागेवर व्हायचं आहे. काकूंची खोली पाडायची आणि पाहुणे यायच्या आत, महिनाभरात, दोन खोल्या उभ्या करायच्या. त्यांना एप्रिलअखेर खोली रिकामी करायला सांगितलंय. पंचांनी त्यांच्यासाठी बस डेपोच्या पलीकडे एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली बघून ठेवली आहे. म्हणजे रस्त्यावर नाही सोडलं, एवढं खरं आहे. ‘जागा दिली ना?’ असं हे म्हणतात. पण सासूबाई आत्ता दारातून निघाल्या की भिंतीला हात लावत लावत मंदिराच्या बाजूच्या दारापर्यंत येतात आणि आपल्या बाकावर बसतात. कुणाचा हात लागत नाही. भिंतीवर त्यांच्या हाताच्या उंचीला रंग गुळगुळीत झाला आहे. मी इतकी वर्षं त्या भिंतीपाशी चपला काढते, पण ते त्या दिवशी बघितलं. तिसऱ्या मजल्यावरून त्या खाली यायच्या नाहीत.

मी विषय लिहिला तेव्हा माझ्या मनात कपट नव्हतं. जायचंच आहे तर चांगल्या जागी जावं, एवढंच वाटलं. छप्पर मात्र मी मनाने घातलं. तुमचे भाऊ म्हणाले होते की बांधकामाचं तिकडे आत्ता कळवू नको, पाहुण्यांना अवघड वाटेल.

मापं लिहीत नाही. त्यांना गरज नाही.

तुमची,
वहिनी

*

३० मार्च

वहिनी,
सलाम.

तुझं पत्र मी वाचून दाखवलं नाही. तसं तू सांगितलं नसतंस तरी दाखवलं नसतं. पण तू मला एका जागी अडकवलंस. रविवारी कंडक्टर दारातच उभे. “मापं आली?” मी म्हटलं, “नाही आली.” “का नाही आली?” बाई, मी आयुष्यभर रोग्यांच्या नातेवाइकांना ‘डॉक्टर येऊन सांगतील’ असं सांगून वेळ मारून नेलेली आहे. या म्हाताऱ्याला तसं सांगता येईना. घरी बोलावलं, चहा दिला आणि तुझं नाव न घेता सांगितलं. ते काही खुळे नाहीत, त्यांना कळलं.

मला वाटलं, आता चिडतील. चिडले नाहीत. कप बाजूला सारला. मग विचारलं, “म्हणजे आम्ही झोपणार म्हणून त्या दोघी उठणार?” मी म्हटलं, हो. त्यावर ते एवढंच म्हणाले, “मला शाळेच्या हॉलमध्ये झोपता येतं. सवय आहे.”

मी म्हटलं, आमच्या भाऊला मी फोन करून फैलावर घेते. त्यांनी नको म्हटलं. त्यांचं म्हणणं असं: विनंती उचलली ती तुझी. तुझ्या डोक्यावरून दुसऱ्याशी बोलायची इथे रीत नाही. इथून पंचांना पत्र आलं तर ते पाहुण्यांचा मान म्हणून ऐकतील किंवा परक्यांची लुडबुड म्हणून फेकून देतील, आणि दोन्ही वेळा काकूंना कुणी विचारलेलं नसेलच. उचललेली विनंती खाली ठेवण्याच्या दोनच वाटा. एक, ती पुरी होणं. दुसरी, जिने दिली तिने आपल्या मंडळीसमोर उभं राहून ती बदलणं. म्हणून त्यांनी तुला एकच विचारायला सांगितलं: ‘तुम्ही ती विनंती ठेवता की बदलता?’ ठेवलीत तर ते डेपोपलीकडच्या खोलीला जिना चढायला कठडा बसवून देतील. चेष्टा नाही, मास्तरला तसं सांगूनही ठेवलंय.

हे त्यांचं झालं. माझं वेगळं. मी तुझी नणंद आहे, मला टोचून बोलायचा हक्क आहे. सरकारला पत्र लिहिताना ज्याचा हात भारी सुटतो, त्याला मागच्या भिंतीपर्यंत चालत जायला काय होतं? काचेतल्या पत्रातली ती ओळ त्याला इथून पाठवायची गरज नाही. त्यानेच लिहिलीय.

तिघांनी मिळून ठरवलंय की काकूंना उठवून बांधलेल्या खोल्यांत ते राहणार नाहीत. कुणाच्याही घरी जमिनीवर गादी घातली तरी चालेल. तू हे सांगू शकतेस, कारण ते त्यांच्यापुरतं आहे.

तुझी,
ताई

*

९ एप्रिल

ती. ताईंना,
सलाम.

मी यांना सगळं सांगितलं. जेवण झाल्यावर सांगितलं, आधी सांगितलं असतं तर जेवले नसते.

पहिल्यांदा ते म्हणाले, “बाहेरच्या लोकांनी आपल्याला शिकवायचं का?” मी म्हटलं, “बाहेरचं कोण? तुमची बहीण?” तर म्हणाले, “विषय तोडू नको.” मग म्हणाले की पंचांचा ठराव झालाय, नकाशा झालाय, दगड झालाय. दगड आमच्याच व्हरांड्यात आणून ठेवलाय, त्याला अडखळून माझ्या पायाचं नख काळं पडलं. ते म्हणाले, “शेवटी हे कुणासाठी चाललंय? त्या लोकांसाठीच ना? शांती, न्याय, भागीदारी, एवढं मोठं काम उभं राहतंय आणि तू एका खोलीवर अडून बसलीस.” मी म्हटलं, “मी नाही अडले. काम तिथे अडलंय.”

त्यानंतर आमचं दोन दिवस ‘भाजीत मीठ कमी आहे’ आणि ‘छत्री घ्या’ याच्यापुढे बोलणं गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की प्रार्थना-विषय लिहायचं काम यापुढे हेडमास्तर करतील. माझ्या अक्षराची त्यांनी नेहमी स्तुती केली आहे, पण ते आता दुसऱ्याचं अक्षर वाचणार.

मंडळीची वार्षिक सभा पंचवीस तारखेला आहे. बांधकामाचा ठराव तिथे मंजुरीला येईल. नेहमी येतो तसा येईल आणि ‘मंजूर, मंजूर’ म्हणून जाईल. सभेत बायकांना मत आहे, पण मी तिथे कुठल्या बाईला बोलताना पाहिलेलं नाही. आम्ही चहाचं बघतो.

काल परत काकूंकडे गेले. या वेळी टेप नव्हती. विचारलं, “तुम्हाला काय हवंय?” त्या म्हणाल्या, “आता विचारतेस होय!” आणि मग स्टुलावर बसवलं. त्यांच्या सासूबाई आतून म्हणाल्या, “कोण आहे? टेपवाली का?” काकू म्हणाल्या, “हो, तीच.” सगळं ऐकून घेतलं आणि काकू म्हणाल्या, “मला इथेच राहायचंय. एवढंच. पण ते देवाला नको सांगू, त्याला माहीत आहे. माणसांना सांग.”

ताई, मला चार माणसांत बोलायची सवय नाही. लग्नातसुद्धा मी उखाणा विसरले होते, तुम्हीच मागून सांगितला होता. मी उभी राहिले आणि हे समोर टेबलाशी बसून माझंच बोलणं इतिवृत्तात लिहीत असले तर माझ्या तोंडून शब्द फुटेल का, मला माहीत नाही. आणि नाही उभी राहिले तर तीस तारखेला त्या दोघी डेपोपलीकडे जातील.

तुमची,
वहिनी

*

१८ एप्रिल

वहिनी,
हे जलद टपालाने पाठवते, तुला वेळेत मिळावं म्हणून. खर्चाचं बोलू नकोस.

कंडक्टरना विचारलं की पहिल्यांदा उभं राहणाऱ्याने काय करावं. ते म्हणाले, बाक धर. हाताला काहीतरी पकडायला असलं की पाय थरथरत नाहीत. सगळ्यांकडे बघू नकोस, एकाकडे बघ. आणि सुरुवातीला ‘मला फारसं बोलता येत नाही पण’ असं म्हणू नकोस, त्याने सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि मग ऐकत नाहीत.

मागून सांगायला मी या वेळी नाही. पण उखाण्यापेक्षा हे सोपं आहे, यमक जुळवायचं नाही.

भाऊचा राग मला ठाऊक आहे. लहानपणी तो हरला की पाटी घेऊन कोपऱ्यात बसायचा. बसू दे. जेवायला मात्र हाक मार.

इथे पंचवीस तारखेला संध्याकाळी मंदिर उघडं ठेवणार आहेत. तुमच्या आणि आमच्या वेळेत फरक आहे, तरी तुमची सभा संपेपर्यंत कुणी ना कुणी बसलेलं असेल.

तुझी,
ताई

*

२ मे

ती. ताईस,
सलाम.

तुला मी स्वतः पत्र लिहिल्याला बराच काळ झाला. तुझी वहिनी पाहुण्यांच्या तयारीत आहे, म्हणून सभेचा वृत्तांत मी कळवतो. तसंही तो लिहिणं माझंच काम आहे.

वार्षिक सभा ठरल्याप्रमाणे भरली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मागील इतिवृत्त कायम झालं. शांतिसदनाचा ठराव मी वाचला. अध्यक्षांनी ‘मंजूर?’ असं विचारलं आणि पुढच्या विषयाचा कागद हातात घेतला. तेवढ्यात तुझी वहिनी उभी राहिली. तिने पुढचा बाक धरला होता. मला वाटलं, चहाचं काही सांगायचं असेल.

ती म्हणाली की जानेवारीत तिने घंटाकाकूंना दुसरी जागा मिळावी अशी विनंती लिहिली होती, ती ती बदलते आहे. काकूंना त्याच जागेत राहायचं आहे. मग तिने विचारलं, “इथे बसलेल्यांपैकी काकूंना कुणी विचारलं होतं का?” हा प्रश्न विचारताना ती माझ्याकडे बघत होती. नंतर मला कळलं की एकाच माणसाकडे बघायचं असं तिला कुणीतरी शिकवलं होतं. तो माणूस मीच का, हे मी अजून विचारलेलं नाही.

कुणी हात वर केला नाही. मागून एकजण म्हणाले, “चिटणीससाहेब, घरचं घरी मिटवा.” लोक हसले. तुझी वहिनी म्हणाली, “घरी मिटवून बघितलं. नाही मिटलं, म्हणून इथे आणलंय.” तेव्हा जास्त हसले, पण ते वेगळं हसणं होतं.

बांधकाम समितीच्या प्रमुखांनी विचारलं की पाहुणे मग राहणार कुठे. ती म्हणाली, “एक आमच्याकडे.” पाळकसाहेबांच्या आईने बसल्या जागेवरून सांगितलं की एक त्यांच्याकडे, पण उशिरा उठणारा नको. तिसऱ्याबद्दल दोन घरांत वाद झाला आणि तो सभेबाहेर सोडवावा असं ठरलं. नकाशा तयार असल्याचं मी सभेच्या निदर्शनास आणलं. दगडाचंही सांगितलं. 

हात वर करून मतं घेतली. ठराव नामंजूर झाला. मी कुठल्याच बाजूने हात वर केला नाही. मी लिहीत होतो. खोली रिकामी करण्याची सूचना रद्द करावी आणि तसं चिटणिसांनी संबंधितांना समक्ष कळवावं, असंही ठरलं. ‘समक्ष’ हा शब्द कुणी सुचवला ते इतिवृत्तात नाही.

पाहुण्यांच्या रेल्वेचा फलाट, वेळ वगैरे पाळकबाईंना वेगळं कळवलं आहे. तुमचे ते कंडक्टर आमच्याकडे उतरतील. त्यांच्यासाठी समोरची खोली मोकळी केली. माझं टेबल व्हरांड्यात आलं आहे आणि हे पत्र मी तिथूनच लिहितो आहे. वारा येतो, कागदांवर वजन ठेवावं लागतं.

सभेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काकूंना कळवायला गेलो. दारात उभा राहूनच सांगून यावं असा विचार होता. ठरावाचे शब्दही जुळवून नेले होते. काकूंनी ते ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “आत या.” मी मंडळीचा चिटणीस झालो त्यालाही आता किती वर्षं झाली. त्या खोलीची लांबी-रुंदी मला पाठ होती, नकाशावर मीच ती खोडली होती. आत मात्र कधी गेलो नव्हतो.

आत दोन खाटा आहेत. एकीवर धुतलेल्या कपड्यांची घडी घालायची राहिली होती. स्टुलावर स्टोव्ह पेटलेला होता. बसायला जागा दिसेना, म्हणून मी म्हटलं, “असू द्या, निघतो.” त्यांच्या सासूबाई दुसऱ्या खाटेवर होत्या. त्यांनी आवाजाच्या दिशेने तोंड केलं, हाताने चाचपून उशी बाजूला घेतली आणि भिंतीकडे सरकल्या.

मी बसलो.

तुझा,
भाऊ